गाण्यावर हलणारा डेस्कटॉप: वॉलपेपर इंजिन की रेनमीटर?

गाण्याच्या आवाजाबरोबर डेस्कटॉपवर पट्ट्या नाचवायच्या तर विंडोजसाठी हे दोन प्रोग्रॅम आहेत. हलते वॉलपेपर लावणारं वॉलपेपर इंजिन विकत घ्यावं लागतं, पण पाच मिनिटांत काम होतं. पट्ट्या हलत नसतील तर आधी सेटिंग्जमध्ये निवडलेलं ऑडिओ उपकरण तपासा. हेडफोन बदलले की हमखास इथेच घोळ होतो. स्वतः वेब वॉलपेपर (वेबपानासारखा, कोडने बनवलेला) लिहिणाऱ्याला आवाजाच्या जोराचे 128 आकडे मिळतात: पहिले 64 डाव्या स्पीकरचे, उरलेले उजव्या. आकडा कधीकधी 1 च्या वर जातो, म्हणून 1 ला छाटा, नाहीतर पट्ट्या स्क्रीनबाहेर जातात.

रेनमीटर फुकट आहे. तो वॉलपेपरवर स्किन, म्हणजे सेटिंग्ज लिहून बदलता येणारी छोटी चित्रं, ठेवतो, आणि बारकाईने जुळवायचं तर हाच सरस. स्किनमध्ये अपडेट (चित्र किती वेळाने बदलायचं तो आकडा) लिहिलं नसेल तर ते 1000 मिलिसेकंद धरलं जातं, पट्ट्या सेकंदाला एकदाच उडतात. ते 16 करा. ढोलकीला डावीकडच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, चार-पाच पट्ट्या एकदमच उठतात? एफएफटी साइझ (आवाज सुरांच्या कप्प्यांत वाटताना एका वेळी घेतलेल्या नमुन्यांची संख्या) लहान आहे. 48000 हर्ट्झला 1024 म्हणजे प्रत्येक कप्पा 47 हर्ट्झचा. 4096 ला तो 12 वर येतो. मात्र आकार वाढला की प्रतिसाद रेंगाळतो, तेव्हा ओव्हरलॅपही (लागोपाठच्या दोन मोजण्यांत सामाईक असलेला आवाजाचा भाग) वाढवा. अटॅक (पट्टी चढायला लागणारा वेळ) कमी आणि डिके (उतरायला लागणारा वेळ) जास्त ठेवला तर थाप झटकन दिसते, पट्टी सावकाश उतरते.

नुसतं देखणं हवं असेल तर वॉलपेपर इंजिनच घ्या.