डेव्हिड: एव्ही१ डिकोडरमधल्या असेम्ब्लीची पारख

हार्डवेअरच्या मदतीशिवाय एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओ चालवायचा, तर पहिलं नाव डेव्हिडचं. व्हीएलसी प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचा हा बीएसडी या मुक्त परवान्याचा डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा प्रोग्राम, २०१८ मध्ये आला. थ्रेडिंग (काम अनेक कोअरवर वाटणं) उत्तम आहेच, पण खरा जोर हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या कोडमध्ये आहे.

बिल्ड करायला मेसन आणि निन्जा ही बिल्डची साधनं आणि नॅझम हा असेम्बलर (असेम्ब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा) २.१४ किंवा पुढचा लागतो. नॅझम जुनं निघालं की मेसन तिथेच थांबतो. अशा वेळी असेम्ब्लीचा पर्याय बंद करून पुढे जाऊ नका. डिकोडर चालेल, पण सगळं काम साध्या सी फंक्शन्सवर पडेल आणि मग ‘एव्ही१ फार जड’ अशी तक्रार सुरू होईल.

सगळ्यात आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे असेम्ब्ली तपासणारं चाचणीचं साधन चेकअ‍ॅझम. सी फंक्शन आणि असेम्ब्ली फंक्शन, दोघांना तोच रँडम डेटा देऊन उत्तरं बिट-न्-बिट ताडून पाहायची. शिवाय एक खोडसाळपणा: ३२-बिट आर्ग्युमेंट ६४-बिट रजिस्टरमधून जातं तेव्हा वरच्या अर्ध्या भागात हे साधन मुद्दाम कचरा भरतं. एरवी तिथे बहुतेकदा शून्यच असतं, म्हणून चुकीचा कोडही खपून जातो. कंपायलर बदलला की तोच कोड भलत्याच पत्त्यावर जाऊन आपटतो. ही चूक नुसत्या डोळ्यांनी रिव्ह्यूत सापडणं कठीण.

एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसर-सूचनांचा संच) बद्दलचा निर्णयही शहाणपणाचा. इंटेलच्या स्कायलेक-एक्स चिपवर हे इन्स्ट्रक्शन्स वापरले की घड्याळाचा वेग उतरतो आणि कमावलेलं तिथेच जातं. डेव्हिडचा एव्हीएक्स-५१२ कोड इंटेलच्या पुढच्या आइस लेक चिपपासूनचा संच असेल तरच चालू होतो. फिल्म ग्रेनमध्ये (चित्रावर फिल्मसारखे बारीक कण चढवताना) दर पिक्सेलला टेबल बघावं लागतं, त्यासाठी एव्हीएक्स२ या आधीच्या संचामध्ये गॅदर (विखुरलेले आकडे एकदम गोळा करणारी सूचना) वापरलंय. एएमडीच्या अनेक झेन प्रोसेसरवर गॅदर संथ, म्हणून तशा चिपवर ग्रेन लावणारी ती फंक्शन्स बाजूला ठेवली जातात. ‘नवा संच म्हणजे जास्त वेग’ असं सरसकट धरलेलं नाही, हे विशेष.

उणिवा? १०-बिट (रंगछटा जास्त बारकाईने साठवणाऱ्या) व्हिडिओसाठी एव्हीएक्स२ कोड २०२१ पर्यंत तोकडाच होता, त्यामुळे लिनक्स डिस्ट्रोसोबत आलेली डेव्हिडची जुनी आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा. आणि एन्ट्रॉपी डिकोडिंग, म्हणजे दाबलेल्या बिट्समधून एकेक सिम्बॉल (मूळ आकडा) काढणं. एका सिम्बॉलचं उत्तर आल्याशिवाय पुढचा सुटत नाही. एका सिम्बॉलपुरत्या तुलना एसएसई२ या जुन्या संचामध्ये एकदम होतात, पण साखळी तुटत नाही. म्हणून बिटरेट चढला की असेम्ब्लीचा फायदा आकसतो.

स्वतः मोजायचं असेल तर थ्रेड १, फिल्म ग्रेन ०, आउटपुट नल मक्सरला (म्हणजे कुठेही न लिहिता टाकून द्यायचं), आणि सीपीयूमास्क (कोणते सूचना-संच वापरायचे ते ठरवणारा पर्याय) आधी ०, मग एसएसएसई३, मग एव्हीएक्स२. त्यानंतर एमडी५ मक्सरने (आउटपुटची छोटी ओळख-संख्या काढणाऱ्या) तीनही आउटपुट ताडा. एमडी५ जुळला नाही, तर वेगाचे आकडे बाजूला ठेवा आणि आधी चेकअ‍ॅझम चालवा.