‘१९३७ चा’ म्हणून गळ्यात मारलेला टॉर्पेडो हब

जर्मनीत जुन्या सायकली जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्याने मला गंडवलं त्याच्या जाहिराती अजून चालू आहेत.

माझ्या युद्धापूर्वीच्या सायकलला त्याच काळाचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, हवा होता. म्हणजे श्वाइनफुर्टच्या फिश्टेल उंड झाक्स कारखान्याचा टॉर्पेडो. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, तो कोस्टर ब्रेक. १९०३ साली आला आणि पुढे कित्येक दशकं फारसा न बदलता बनत राहिला. त्यामुळे नुसत्या रूपावरून काळ ठरवणं कठीण. सगळे बघतात तो हबवर ठोकलेला वर्षाचा दोन आकडी शिक्का, आणि लबाडी नेमकी तिथेच होते.

जाहिरातीत ‘३७’चा फोटो अगदी जवळून काढलेला. ब्रेकचा दांडा, जो पट्टीने फ्रेमला आवळतात, तो मात्र कुठेच पूर्ण दिसत नव्हता. विचारलं तर म्हणाला, गंज लागू नये म्हणून काळा रंग दिलाय. १८० युरो मोजले.

हब आल्यावर दांड्यावर थिनरचा बोळा फिरवला. रंगाखालून अक्षरं आली: ‘डब्ल्यू. जर्मनी’. पश्चिम जर्मनी हा देशच १९४९ चा! युद्धापूर्वीच्या मालावर पेटंटची खूण असलीच तर ती डी.आर.पी., म्हणजे राइशच्या (युद्ध संपेपर्यंतच्या जर्मन राज्याच्या) काळातलं पेटंट. डी.बी.पी., म्हणजे पश्चिम जर्मनीचं पेटंट, दिसलं तर माल युद्धानंतरचा.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: दांडा नंतर कोणीतरी बदलला असेल. हे होऊ शकतं, जुन्या सायकलींचे दांडे बदललेले असतातच. म्हणून शिक्काच भिंगाखाली धरला. थिनर लागताच आकड्याभोवतीचं पारदर्शक लॅकर सुटलं आणि खाली उघडं लोखंड दिसलं. बाकी हबवर मुलामा शाबूत, फक्त तेवढ्याच तुकड्यावर नाही. साधारणपणे शिक्का आधी ठोकतात, मुलामा नंतर चढतो, त्यामुळे तो खाचेच्या तळापर्यंत उतरलेला असतो. इथे खाचा कोऱ्या, कडा धारदार. त्या जागी बोट फिरवलं की सपाटपणा जाणवतो. जुना आकडा घासून काढून नवा ठोकलाय, यात मला आता तिळमात्र शंका नाही.

‘खाजगी विक्री, हमी नाही’ या ओळीवर तो अडून बसलाय. पण जर्मन दिवाणी कायद्याच्या कलम ४४४ प्रमाणे जाणूनबुजून दोष लपवला असेल तर ती ओळ विक्रेत्याला वाचवत नाही. फोटो जोडून लेखी मागणी पाठवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

असा हब कोणी घेतला असेल तर आजच थिनर लावून बघा. फसवणुकीवरून व्यवहार रद्द करायचा असेल, तर ती उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत कळवावं लागतं.