एंडोफाइटवालं रायग्रासचं बी: इंदूरच्या हिवाळी लॉनसाठी

एंडोफाइट म्हणजे झाडाच्या आत राहणारा सूक्ष्मजीव, इथे एक बुरशी. ती असलेलं रायग्रास या हिवाळी गवताचं बी घेण्याजोगं आहे, पण पाकिटावरची तारीख आणि दुकानातली साठवण बघूनच. एपिक्लोई नावाची ही बुरशी गवताच्या पेशींमधल्या फटींत राहते आणि बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. तिच्या अल्कलॉइडमुळे (किडींना नकोशा रसायनांमुळे) पानं-खोड कुरतडणाऱ्या किडी दूर राहतात. मुळं खाणाऱ्या हुमणीबाबत मात्र तिच्या भरवशावर राहू नका.

खरी गोम साठवणीत. उष्ण-दमट जागी बी जिवंत राहतं, बुरशी आधी मरते. मे महिना पत्र्याच्या गोदामात काढलेलं बी छान उगवेलही, पण ते साधं रायग्रास. जादा पैसे कशाचे? आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं बुरशीनाशकही बियाला चोळू नका; त्यानंही ही बुरशी मरते.

नोव्हेंबरात लॉनमधली हरळी अगदी बुडापर्यंत कापा, चौरस मीटरला 30 ग्रॅम बी फेका, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्या. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी हलकं, पण रोज; साचलं की बी कुजतं. एप्रिलच्या उन्हात रायग्रास जळणारच, आणि ही बुरशी शेजारच्या हरळीत शिरत नाही; म्हणजे तिचा फायदा रायग्रास असेपर्यंतच.

कापलेलं गवत गाई-घोड्यांना घालू नका. काही वाणांतल्या लोलिट्रेम-बी या बुरशीच्याच विषामुळे जनावरं थरथरतात, झोकांड्या खातात.