पानगळीतले धबधबे आणि सर्क्युलर पोलरायझर: घ्यावा का?

जंगलातल्या धबधब्यांसाठी एकच फिल्टर घ्यायचा असेल तर कुठला, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे आपला सीपीएल, लेन्सपुढे फिरवून चमक कापणारा फिल्टर. एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, नंतर घ्या. मी ७७ एमएमचा स्लिम रिंगवाला वापरतोय आणि पानगळीच्या दिवसांत तो लेन्सवरून क्वचितच निघतो.

कारण सांगतो. पानगळीत जंगल ओलं, त्यात धबधब्याचे तुषार, त्यामुळे प्रत्येक पानावर आणि दगडावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात वरचं ढगाळ पांढरं आकाश चमकत असतं. समोर उभं असताना ते एवढं जाणवत नाही पण फोटो मोठा करून बघितला की लाल-पिवळी पानं सगळी पांढुरकी, पुसट. सीपीएल फिरवला की ती चमक जाते आणि खालचा खरा रंग दिसायला लागतो. काहीजण म्हणतात एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवलं की झालं, तर नाही होत, चमकेखाली दबलेला रंग कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचलाच नाही तर स्लायडर तो आणणार कुठून? एनडीचं काम एकवेळ बरेच छोटे एक्सपोजर एकत्र करून भागवता येतं, सीपीएलचं नाही.

आता महत्त्वाचं, आणि हे खोक्यावर कोणी लिहीत नाही. फिल्टर पूर्ण फिरवून जास्तीत जास्त इफेक्ट घ्यायचा हा जो सगळ्यांचा हट्ट असतो ना, तो सोडा. धबधब्याखालच्या डोहात पलीकडच्या उन्हातल्या झाडांचं सोनेरी प्रतिबिंब पडलेलं असतं, पानगळीच्या फ्रेममध्ये त्याच्याइतकी सुंदर गोष्ट दुसरी नाही आणि पूर्ण फिरवलेला सीपीएल नेमकं तेच खातो. डोह काळा पडतो, ओले दगडही काळे पडतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पांढरा पट्टा इतका भडक दिसतो की नजर दुसरीकडे जातच नाही. मी हळूहळू फिरवत जातो, पानांवरची चमक बऱ्यापैकी गेली आणि डोहात सोनं अजून शिल्लक आहे अशा जागी थांबतो. ते जमत नसेल तर ट्रायपॉड न हलवता दोन फोटो, एक पानांसाठी आणि एक डोहासाठी, नंतर एडिटिंगमध्ये मास्क लावून, म्हणजे प्रत्येकाचा हवा तेवढाच भाग ठेवून, जोडायचे.

कॅमेऱ्याची उंची पण यात येते. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितलं तर चमक सगळ्यात जास्त कापली जाते, सरळ वरून खाली बघितलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यामुळे पायाशी पडलेली पानं फोरग्राउंडला घ्यायची असतील तर ट्रायपॉड खाली घ्या, फिल्टरही चांगला चालतो आणि पानांपासून पाण्यापर्यंत नजरेला वाटही मिळते. आणि आडव्या फ्रेमवरून उभ्या फ्रेमवर गेलात की कॅमेऱ्याबरोबर फिल्टरही ९० अंश वळतो, तो परत सेट करायचा आणि मगच एक्सपोजर बघायचं.

प्रकाश साधारण दीड स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). धबधब्यासाठी हे चांगलंच आहे, ढगाळ दिवशी झाडीत आयएसओ १०० आणि एफ/११ ला पाव सेकंद मिळत असेल तर तो अर्ध्या-पाऊण सेकंदावर जातो, आणि मला विचाराल तर पाण्याचा पोत टिकतो तो तिथेच. दहा-वीस सेकंद ठेवलं की पाण्याचं दूध होतं, त्यात धारा कुठल्या आणि फेस कुठला कळत नाही. लांब एक्सपोजर मी फक्त डोहात पानं गोल फिरत असतील तर देतो कारण त्यांच्या वर्तुळाकार रेघा उमटतात, तेव्हा मात्र सीपीएलच्या जोडीला ६ स्टॉपचा एनडी लागतो. वाऱ्याने फांद्या हलत असतील तर आयएसओ वाढवून फास्ट शटरला एक वेगळा फोटो पानांसाठी काढून ठेवा.

बनावटीबद्दल. रिंग गुळगुळीत फिरते, पण स्लिम असल्यामुळे गार हातांना नीट सापडत नाही आणि काढताना कधीकधी घट्ट बसलेली असते. पुढे आटे नसल्याने दुसरा फिल्टर वर चढत नाही, त्यामुळे एनडी आधी लेन्सवर लावून त्यावर हा लावावा लागतो आणि फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६-१८ एमएमला कोपरे काळे येतात. कोटिंग मात्र उत्तम, तुषारांचे थेंब काचेवर पसरत नाहीत, मऊ कापडाने एका फटक्यात निघतात. धबधब्याजवळ उभं राहणाऱ्याला याची किंमत कळेल, बिनकोटिंगची काच पुसता पुसता चांगला उजेड निघून जातो.

रंगात किंचित उबदारपणा येतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढत असाल तर व्हाइट बॅलन्स नंतर सावरता येतो, फक्त तो सावरताना सावलीतल्या पाण्यातला निळेपणा पूर्ण मारू नका, त्या निळ्यामुळेच केशरी पानं उठून दिसतात. चांगला सीपीएल लावला असेल तर सॅच्युरेशनला हात लावायची गरज फारशी पडत नाही, उलट मी पिवळा थोडा कमी करतो, पाण्यातले हायलाइट खाली आणतो, फ्रेमच्या कडेला कुठे पांढरं आकाश डोकावत असेल तर ते क्रॉप करतो आणि रेड चॅनेल फाटत नाहीये ना, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन सपाट होत नाहीये ना, हे हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) बघतो. लाल पानांचे बारकावे सगळ्यात आधी तिथेच जातात.

पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या रिंगच्या पकडीचा कापला. घेताना तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा, त्यावर लेन्सचा स्वतःचा हूड बसत नाही, पण झाडीत हाताची सावली धरली तरी काम होतं.