नासचा 'इलमॅटिक' एलपी: घ्यावा का? घ्याच

अमेरिकन रॅपर नासचा हा अल्बम एलपीवर, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन तबकडीवर, तीन हजाराच्या वर पैसे घालून ऑनलाइन मागवला, कारण सोलापुरात हिपहॉपची एलपी शोधून मला तरी कुठं मिळाली नाही. खोक्यात नुसता पातळ पुठ्ठा, त्यामुळं कव्हरचा एक कोपरा दबून आला, ते लागलं मनाला, पण तबकडी एकदम क्लीन. आजोबांच्या जुन्या प्लेअरला नवा बेल्ट आणि सुई टाकून घेतली, लावली, आणि बेस असा आला की इतकी वर्षं मोबाईलवर ऐकत होतो ती हीच गाणी का असं वाटलं.

नास म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतला पोरगा. शाळा आठवीत सुटली, 19 एप्रिल 1994 ला हा अल्बम आला तेव्हा वय 20. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं, बास. कव्हरवर त्याचा सात वर्षांचा असतानाचा फोटो, आणि चेहऱ्यातनं आरपार दिसणाऱ्या वसाहतीच्या बिल्डिंगी, मोबाईलवर हे नखाएवढं दिसतं, इथं मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

आणि बाजूंना ए-बी नाहीच! एक 'फोर्टीएथ साइड नॉर्थ', दुसरी 'फोर्टी-फर्स्ट साइड साउथ', त्याच्याच वसाहतीच्या दोन भागांची नावं. म्हणजे आपल्या सोलापुरातल्या कुणीतरी एका बाजूला साखर पेठ आणि दुसऱ्या बाजूला अशोक चौक छापावं तसं. मला हा अल्बम का आवडतो ते यातच आलं, गडी आपल्या गल्लीच्या बाहेर जातच नाही, तिथली पोरं, जिने, जेलमधल्या दोस्ताला लिहिलेली पत्रं, एका गाण्याच्या शेवटी तर स्वतःच्या बापाचा, ओलू दाराचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य), आणि तरी तो पार इथपर्यंत पोचतो.

शब्दांचं काम तर विचारूच नका. राम जोशी आपल्या सोलापूरचे, त्यांच्या लावण्यांतली यमकं ज्यानं कान देऊन ऐकलीत त्याला नासची ओळीच्या पोटातली यमकं इंग्रजी अर्धं कळलं तरी पकडता येतील. म्युझिक डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप अशा वेगवेगळ्या लोकांचं, तेव्हा एका अल्बमला बहुतेक एकच प्रोड्युसर, म्हणजे म्युझिक बनवणारा, असायचा, यानंतर ती पद्धत मोडली.

सुरुवातीला खप बेताचाच होता, प्लॅटिनम (दहा लाख प्रती) व्हायला 2001 उजाडलं. पुढं 2013 ला हार्वर्डनं त्याच्या नावानं हिपहॉपची फेलोशिप काढली, आठवीत शाळा सुटलेल्याच्या नावानं! 2019 च्या 'गली बॉय' सिनेमाचा तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, त्याच वर्षी त्याच्या मास अपील या म्युझिक कंपनीनं इंडियात येऊन पहिल्यांदा मुंबईच्या डिव्हाइन या रॅपरला घेतलं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली जी पोरं आज मराठी-तेलुगू मिसळून रॅप लिहितात त्यांच्यापर्यंत हे सगळं त्याच वाटेनं आलंय.

शिव्या आहेत, घरात मोठ्या माणसांसमोर लावू नका. आणि कव्हरसाठी प्लास्टिकची जाड पिशवी आधीच घेऊन ठेवा.