‘ईव्ही स्पेशल’ हवेच्या पंपात ३४,००० रुपये घालवले. यार्डवाल्यांनो, वाचा आणि सावध व्हा

३४,००० रुपये गेले. माझ्याच यार्डात, माझ्याच मोबाईलवरून, मीच पिन टाकून पाठवलेले. त्यावर गाडी उचलून आणायचे ३,८००, वितळलेलं सॉकेट आणि वायरिंग १,१५०, आणि माल उशिरा पोचला म्हणून पार्टीने बिलातून कापलेले २,५००. बेरीज ४१,४५०. हे लिहायला लाज वाटते, पण हे पंप विकणारा तोच माणूस तशीच लाल खोकी घेऊन भोसरी-चाकण पट्ट्यात अजून फिरतोय असं दोघांकडून कळलं, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरच्यांपासून मेव्हण्यापर्यंत सगळे एकच विचारतात, ‘हवेच्या पंपात कसा काय फसलास?’ माझ्याकडे सहा इलेक्ट्रिक छोटे हत्ती आहेत. मोशीत यार्ड आहे. पहाटे गाड्या निघतात, रात्री परत येऊन चार्जिंगला लागतात. डिझेलच्या गाड्या होत्या तेव्हा हवेचा विचार कधी करावा लागला नाही. गाडी डिझेलला पंपावर जायची, तिथेच हवा मारून घ्यायची. इलेक्ट्रिक गाडी पंपावर जातच नाही. नुसती हवा मारायला गेलं तर पोरगं आधी आपल्याकडे बघतं आणि मग पाइप बिघडलाय म्हणतं. चार्जिंग स्टेशनवर हवा नसते. पहाटे पंक्चरवाला झोपलेला असतो. आणि हवा कमी म्हणजे टायर घासतो, एका चार्जिंगवरची रेंज पडते, ड्रायव्हर शेवटच्या दहा किलोमीटरला एसी, लाइट सगळं बंद करून फोन करतो. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात, त्याच्या टाकीतून ड्रायव्हर टायरला हवा घेतात. आमच्या छोट्या गाड्यांना साधे हायड्रॉलिक ब्रेक, त्यामुळे गाडीवर हवेची टाकीच नाही. म्हणजे गरज खरी होती. हौस म्हणून घेतलेलं नाही.

पंप विकायला आलेल्या त्या माणसालाही हे पाठ होतं. इस्त्री केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीला मोठी सॅक. ‘शेठ, तुमच्या सगळ्या गाड्या ईव्ही ना? मग पंपावर जात नसणार.’ माझ्या मनातलं त्यानेच बोलून दाखवलं. सॅकमधून लाल पंप काढला. डबल सिलिंडर, वर डिजिटल मीटर, बाजूला ‘ईव्ही स्पेशल’ असा हिरवा स्टिकर. हातात घेतला तर चांगला जड लागला. जड आहे म्हणजे माल चांगला, असं वाटलंच. कोणालाही वाटलं असतं.

डेमोही त्यानेच केला. टायर त्याने निवडला. व्हॉल्व्हची पिन दाबून थोडी हवा सोडली, पाइप लावला, मीटरवर ३२ पीएसआय (हवेचा दाब) आलं. पंपाची वायर मात्र आमच्या गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लावली नाही. ती मागे त्याच्या सॅकमध्ये गेलेली होती. चेन अर्धी लावलेली. म्हणाला, ‘तुमच्या गाडीची बॅटरी कशाला वाया घालवायची!’ बटण दाबलं, घर्रघर्र झाली, मिनिटभरात मीटर साठावर.

आता ते ३२. रात्री झोप लागत नाही ती या आकड्यामुळे. ती गाडी आदल्या संध्याकाळीच पंक्चरवाल्याकडून चारही टायरला साठ भरून आली होती. पैसे मी दिले होते, मला माहीत होतं. एवढंसं ‘फुस्स’ करून साठाचं ३२ होतं का? माझ्या ड्रायव्हरच्या लगेच लक्षात आलं. तो म्हणाला, ‘शेठ, आपल्या गेजने बघू का एकदा?’ हवेचा दाब मोजायची पेनसारखी साधी गेज माझ्या शर्टाच्या खिशात होती. काढून लावायला किती वेळ लागतो! तर तो पठ्ठ्या हसून म्हणाला, ‘साधी गेज ईव्हीला चालत नाही. बॅटरीच्या वजनामुळे रीडिंग चुकतं.’ आणि मी ड्रायव्हरलाच गप्प केलं.

बॅटरीच्या वजनाने गेज चुकत नाही. टायरातली हवा ती हवा, गाडी डिझेलची असो की बैलाची. पण इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून आम्ही तीन वर्षं हेच ऐकतोय, की याला हात लावू नका, ते आमच्याकडेच आणा, नेहमीचा मेकॅनिक चालणार नाही, क्रेनने ओढू नका. त्यातलं बरंचसं खरंही आहे. त्यामुळे एखाद्याने ‘ईव्हीला वेगळं लागतं’ म्हटलं की डोकं आपोआप हो म्हणतं. माझा दोष असेल तर तेवढाच. आणि ‘ईव्ही स्पेशल’ टायर पंप, ‘ईव्ही स्पेशल’ हवा, ‘ईव्ही स्पेशल’ गेज असं काहीही नसतं, हे आत्ताच डोक्यात पक्कं करून ठेवा.

बिल: एक नग ४,८५०, सहा नगांचे २९,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,२३८. एकूण ३४,३३८. ‘वरचे ३३८ सोडा शेठ.’ सरकारी टॅक्समधून सूट देणारा दुकानदार आयुष्यात पहिल्यांदा भेटला, तरी मला गोडच वाटलं. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव न येता कुठल्या तरी बाईचं नाव आलं. ‘मॅडम आमच्या अकाउंट्सला आहेत.’ बिलावर पत्ता चिंचवडचा, आणि जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. ०७ म्हणजे दिल्ली. मी महिन्याला इतकी बिलं हाताळतो, पण त्या वेळी बघितलं नाही. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकलं तर तो नंबर कुठल्या तरी कपड्याच्या व्यापाऱ्याचा, तोही रद्द झालेला. हे बघायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. पंधरा अक्षरं टाका, कळतं. पैसे पाठवायच्या आधी टाका.

मग व्हायचं ते झालं. पहाटे चाकणच्या रस्त्यावर मागचं टायर बसलं. ड्रायव्हरने पंप सॉकेटला लावला. प्लग इतका तापला की सॉकेटचं प्लास्टिक मऊ झालं, मग फ्यूज गेला. खोक्यात बॅटरीला लावायचे चिमटेही होते, ते त्याने गाडीच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला लावले, गाडी बंद करून. बंद का? कारण त्या माणसाने सगळ्या ड्रायव्हरांना बजावून सांगितलं होतं, ‘ईव्ही आहे, चालू ठेवून वापरलं तर शॉक बसेल.’

हे नीट वाचा. इलेक्ट्रिक गाडीची छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीवरूनच चार्ज होते, पण सहसा गाडी चालू असताना. गाडी बंद ठेवून तिच्यावर पंप चालवला की ती उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायलाही बारा व्होल्टच लागतात. आमच्या गाडीला ७१ टक्के चार्ज होता आणि डिस्प्ले काळा. दुसऱ्या कोणाच्या गाडीवरून वायर जोडायला ड्रायव्हर घाबरला, आणि मीच त्याला नको म्हटलं. शेवटी फ्लॅटबेड, ३,८००. टायरमध्ये हवा? पंपाचा मीटर ५८ दाखवत होता, माझ्या गेजने ३६.

त्या संध्याकाळी आमच्या इलेक्ट्रिशियनने एक पंप उघडला. स्क्रू काढले, लाल कव्हर बाजूला केलं. दोन सिलिंडरांपैकी एक नुसताच पत्र्याचा डबा, आत काही नाही, पिस्टनही नाही. दुसऱ्यात अंगठ्याएवढा पिस्टन. आणि तळाला गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी, कशालाही न जोडलेली. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली आणि पंप हातात घेतला, तर खेळण्यातला वाटला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १५० पीएसआय लिहिलंय. हा आकडा बघून कोणीही पंप घेऊ नका. १५० पीएसआय सायकलचा हातपंपही गाठतो, टायर बारीक असेल तर. मिनिटाला किती लिटर हवा देतो ते विचारा. आमच्या टायरात साधारण २५ लिटर जागा धरली, तर २० वरून ६० पीएसआयला न्यायला बाहेरची जवळपास ६८ लिटर हवा आत ढकलावी लागते. हातात मावणारे पंप मिनिटाला दहा-पंधरा लिटर देतात, आणि दाब वाढला की तेवढंही देत नाहीत. म्हणजे एका टायरला पाच-सात मिनिटं सहज, मग पंप तापतो, मग विश्रांती. मिनिटात बसलेला टायर भरून दाखवणारा माणूस खोटं बोलतोय. आणि सॉकेटला दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे फार तर १२० ते १८० वॅट. मालाच्या गाडीचा टायर झटपट भरणारा बारा व्होल्टचा पंप बॅटरीला चिमटे लावूनच चालतो, गाडी चालू ठेवून. ज्यांच्याकडे २४ व्होल्टची मोठी गाडी आहे त्यांनी १२ व्होल्टचा पंप लावायचा विचारही करू नये, जळून जाईल.

आता सरकार. चौकीत गेलो. पहिला प्रश्न, ‘वस्तू दिली ना त्याने?’ दिली. ‘बिल आहे ना?’ आहे, खोटं आहे. ‘मग हे सिव्हिल मॅटर झालं, कोर्टात जा.’ बाजूला बसलेल्या एकाने मध्येच विचारलं, ‘इलेक्ट्रिक गाडीला हवा लागते का?’ सगळे हसले. मीही हसलो, काय करणार! मग म्हणाले, पैसे मोबाईलवरून गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्यासमोर उभा होता, हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही, चौकीत जा. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘सर, पिन तुम्हीच टाकलाय.’ अहो ताई, पिन मीच टाकला, म्हणून तर तक्रार करतोय! त्या खात्यात पैसे अजून आहेत का, एवढं तरी बघा म्हटलं. गोपनीय आहे म्हणाली. चोराचं खातं गोपनीय, माझा मोबाईल नंबर मात्र रोज कर्ज विकणाऱ्या चार जणांकडे!

वजनमापवाल्यांकडेही गेलो, कारण खोक्यावर ना आयात करणाऱ्याचं नाव, ना महिना, ना एमआरपी, ना कुठल्या देशातला माल ते. पॅकबंद मालावर हे छापावंच लागतं. त्यांनी मान्य केलं आणि म्हणाले, विक्रेत्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?

ग्राहक आयोगाचं वकिलाने सांगितलं. २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरत नाहीत. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सूट. माझ्या सहा गाड्या, पाच ड्रायव्हर, म्हणजे मी ‘ग्राहक’ नाही. एकच गाडी असती आणि मीच चालवत असतो तर होतो. तुमची एकच गाडी असेल तर तक्रार जरूर करा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, ई-जागृती पोर्टलवर टाका. माझ्यासारख्यांनी काय करायचं, ते कायद्यात शोधून कोणीतरी सांगा.

चौकीत नुसतं बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ‘वस्तू मिळाली’ म्हणून फसवणूक संपत नाही, खोटं सांगून पैसे काढले तर ती फसवणूकच. गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येतो. हे मला चौकीत कोणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं, आणि त्याचे त्याने वेगळे घेतले. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात. मी चौकीच्या बाकावर बसण्यात ती वेळ घालवली.

त्या पंपवाल्याचा फोटो यार्डाच्या कॅमेऱ्यात आहे, पण टोपी आणि उजेड यामुळे चेहरा स्पष्ट नाही. उंची मध्यम, मराठी सफाईदार, बोलताना ‘शेठ’ आणि ‘दादा’ आलटून पालटून. सॅक काळी. तुमच्याकडे आला तर आधी सॅकची चेन पूर्ण उघडायला सांगा, पंप तुमच्या गाडीच्या सॉकेटला लावायला सांगा, टायर तुम्ही निवडा आणि रीडिंग तुमच्या गेजने घ्या. आणि त्याला चहा पाजत थांबवून मला कळवा.

अर्ज वरिष्ठांकडे रजिस्टर पोस्टाने गेलाय, पोच आलीय, पुढे काही नाही. भंगारवाला सहा पंपांचे मिळून २१० रुपये देतो म्हणाला, लोखंडी पट्ट्यांसकट. मी पंप दिले नाहीत. पुरावा म्हणून ठेवलेत, ऑफिसच्या कपाटावर. इलेक्ट्रिशियनला मात्र सांगून ठेवलंय, की उघडलेला आहे तो तसाच उघडा ठेव, कव्हर लावू नकोस.