देवगडच्या खाऱ्या हवेत नऊ महिने: घरी जुळवलेला म्युझिक सर्व्हर

गेल्या जुलैत, ऐन पावसात, माझा ६२,००० रुपयांचा तयार स्ट्रीमर, म्हणजे संगीताच्या फाइली वाजवणारा डबा, बंद पडला. दिवा लागायचा, आवाज नाही. कुरिअरने कोल्हापूरला दुरुस्तीसाठी पाठवला. अठरा दिवसांनी फोन आला की बोर्डावर गंज आहे, वॉरंटीत बसत नाही, नवा बोर्ड ३८,००० रुपये. "सर, तुम्ही समुद्राजवळ राहता ना?" असं फोनवरचा मुलगा म्हणाला. मी त्याला सांगितलं, बिलावर देवगडचाच पत्ता आहे, विकतानाही मी इथेच राहत होतो. वरच्या साहेबांशी दोनदा बोललो. उपयोग शून्य. डबा परत मागवला आणि स्वतः उघडला. तळाला जाळी, आत छोटा पंखा, आणि पंख्याच्या अगदी समोर, नेटवर्कच्या खाचेपाशी, हिरवट पूड. दोन वर्षं तो पंखा खारी हवा आत ओढत होता. आमच्याकडे पापड तासाभरात सादळतात, तिथे हे व्हायचंच होतं. तरी ३८,००० द्यायची माझी तयारी नव्हती.

खरं तर त्या डब्यावर माझा राग आधीपासूनच होता आणि त्याचं कारण गंज नव्हे, तानपुरा. मैफलीच्या सीडीत विलंबित (संथ लय) एका ट्रॅकवर आणि द्रुत (जलद) पुढच्यावर असतं. मध्ये तानपुरा अखंड चालू असतो. हा डबा तिथे पाऊण सेकंद गप्प बसायचा. माझ्याकडच्या मारवा रागाच्या एका सीडीत तर ट्रॅकची कापणी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर आहे: मुखडा (समेकडे नेणारी ओळ) एका ट्रॅकवर संपतो, सम पुढच्यावर पडते. तिथे पोकळी आली की छातीत धस्स होतं. १९०२ साली गायिका गौहरजानने तबकड्या भरल्या तेव्हा राग तीनेक मिनिटांत बसवावा लागे, ती त्या काळाची मर्यादा होती. सीडीवर ७४ मिनिटं सलग मावतात, आणि ती वाजवणारं यंत्र तानपुरा तोडतं, हे मला सहन होत नाही. कंपनीकडे तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "अपडेट येईल."

यामागचं तंत्र समजून घ्यायला मला महिना लागला. एमपीथ्रीत मुळातच प्रत्येक फाइलच्या आगेमागे थोडी शांतता भरली जाते, कारण ती ठरावीक मापाच्या तुकड्यांत बांधलेली असते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलप्रकारात, तसं नसतं, सीडीवर आवाजाचे जेवढे नमुने तेवढेच फाइलमध्ये. पण फ्लॅक असूनही वाजवणारं यंत्र एक फाइल संपल्यावर दुसरी मागायला गेलं की खंड पडतोच. पुढची फाइल आधीच हाताशी घेऊन ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. म्हणून नव्या सर्व्हरसाठी माझ्या अटी तीनच होत्या: तानपुरा तुटता कामा नये, पंखा नको, आणि इंटरनेट नसताना सगळं चालायला हवं. पावसाळ्यात आमची केबल तीन-तीन दिवस गायब असते. महिन्याचं भाडं भरून वापरायचं सॉफ्टवेअर त्यामुळे विचारातच घेतलं नाही.

शेवटी जुळवलं ते असं: ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, ज्याचं झाकणच उष्णता बाहेर टाकतं असा ॲल्युमिनियमचा जाड डबा, १ टीबीची एसएसडी, आणि जुनाच यूएसबी डॅक (फाइलमधल्या आकड्यांचं ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा). वर दोन सॉफ्टवेअरं: पाय चालवणारं पायकोअरप्लेअर आणि संग्रह सांभाळणारा लिरियन म्युझिक सर्व्हर. हा लिरियन म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, २०२४ मध्ये नाव बदललं. ज्यासाठी तो होता त्या स्क्वीझबॉक्स या लॉजिटेकच्या प्लेअरचं उत्पादन २०१२ मध्येच थांबलं, पण हे सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलं आणि फुकट ठेवलं, याबद्दल मनापासून आभार. डॅक सोडून सगळा खर्च साडेसतरा हजारांच्या आत. ४१० सीड्या फ्लॅकमध्ये उतरवल्या, त्या १४० जीबीत बसल्या. पहिल्या रात्री तोच मारवा लावला. मुखडा आला, सम पडली, तानपुरा तसाच. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आई आतून म्हणाली, "अरे, पुढे जाऊ दे की!"

पायकोअरप्लेअरचा इथे मोठा गुण म्हणजे ते सुरू झालं की मेमरीतूनच चालतं, ज्या मेमरी कार्डावर ते ठेवलेलं असतं त्यावर सारखं लिहीत बसत नाही. दिवसातून चारदा वीज जाते, तरी नऊ महिन्यांत कार्ड एकदाही बिघडलेलं नाही. वीज परत आल्यावर मिनिटभरात सर्व्हर उभा.

आता एक मत बदलल्याचं सांगतो. पहिल्या महिन्यात स्पीकरमधून बारीक घरघर यायची आणि ॲम्प्लिफायरच्या डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या. सगळीकडे वाचलं होतं की दोष स्विचिंग अडॅप्टरचा (नेहमीच्या चार्जरसारखा), त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर पॉवर सप्लाय घ्या. ६,२०० रुपये घालून घेतला. घरघर थोडी कमी झाली, मुंग्या होत्या तशाच. मग वायरमन आला. त्याने मीटर लावला आणि विचारलं, "काकानू, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलात? जांभो सुको पडलो की अर्थिंग खयसून गावतला?" आमचं घर सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या कडेला, खाली सगळा जांभा दगड; तो सुकला की अर्थिंग मिळणार कुठून, असं त्याचं म्हणणं. खड्डा पुन्हा खणून कोळसा-मीठ भरलं, पाइप वरपर्यंत आणला, १,४०० रुपये लागले. आता पाऊस गेला की आठवड्याला दोन बादल्या पाणी घालतो. घरघर गेली, मुंग्याही गेल्या. परवा जुना अडॅप्टर पुन्हा लावून पाहिला, मला काडीचा फरक ऐकू आला नाही. ते ६,२०० मला अजून खुपतात. कोकणात कोणी हे करणार असेल तर आधी अर्थिंग तपासा, मगच बाकीची खरेदी.

दुसरं मत बदललं ते बंद-चालूचं. बिल वाचावं म्हणून मी रात्री सर्व्हर बंद करायचो. एकदा चार दिवस गावाला जाऊन आलो तेव्हा बंद डबा ओलसर, गार लागला. चालू यंत्र खोलीपेक्षा थोडं उबदार राहतं, त्यावर दमटपणा बसत नाही. पाच वॉट धरले तर दिवसाला ०.१२ युनिट, महिन्याला साडेतीन-पावणेचार. आता तो अखंड चालू असतो. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग आणि नेटवर्कची वायर दोन्ही काढतो, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गेल्या महिन्यात डबा खोलून पाहिला, आत बोर्ड स्वच्छ.

राहिलेली अडचण एकच, रागाने शोधण्याची. ही सॉफ्टवेअरं अल्बम आणि कलाकार या हिशेबाने बनलेली, आणि मला संध्याकाळी साडेसहाला मारवा, पूरिया, श्री एकत्र समोर हवे असतात. म्हणून 'जॉनर'च्या (संगीतप्रकाराच्या) रकान्यात रागाचं नाव घालतोय, एकेक सीडी हाताने. २९० झाल्या, १२० उरल्या आहेत. पूरियाधनाश्री एका शब्दात लिहायचं की दोन, हे सुरुवातीला ठरवलं नव्हतं, त्यामुळे तो राग सध्या दोन ठिकाणी सापडतो. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं आटोपली की तेवढं सरळ करून घेणार आहे.